गोव्यात डॉल्फिन आणि देवमासे बघायला जाताय?

‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ असा फलक लावलेल्या होडीत मी बसत नाही. हमी दिली की तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, डॉल्फिनच्या मागे धावावंच लागतं. मग चार-पाच होड्या एकाच कळपाला घेरतात, जनावरं खाणं सोडतात आणि पिल्लांना घेऊन बुडी मारतात. मी पेडण्याला शाळेत विज्ञान शिकवते. हिवाळा आला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक कुठून जायचं, कधी जायचं हे मलाच विचारतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

जायचं ते नोव्हेंबर ते मार्चमध्ये, आणि सकाळी लवकर. पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, पाणी सपाट असतं आणि लांबचा काळा ठिपकाही नजरेत भरतो. दुपारकडे खारा वारा सुटला की लाटांवर पांढरा फेस उठतो. त्यात पंख कुठला आणि लाट कुठली, कळत नाही. सिकेरी, नेरूळचा कोको बीच, पाळोळे इथून होड्या सुटतात. मला स्वतःला साळ नदीचं मुख, म्हणजे मोबोर-बेतूलची बाजू जास्त आवडते.

बसण्याआधी सगळ्यांना पुरतील इतकी लाइफ जॅकेटं आहेत का ते बघा. मग तांडेलाला सांगा, “बाब, आम्हाला घाई नाही. लांबच थांबवा, जवळ आले तर येऊ देत.” हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. गिऱ्हाईकच ‘अजून जवळ, अजून जवळ’ करतं म्हणून होडी अंगावर जाते. निदान पन्नास मीटर अंतर राहू द्या, कळपाच्या बाजूने समांतर चला, समोरून आडवं जाऊ नका, आई-पिल्लाच्या मधे तर कधीच नाही. डॉल्फिन आवाजावर जगतात. शिकार शोधणं, एकमेकांना हाक मारणं सगळं आवाजानेच. इंजिनाच्या घरघरीत ते बुडून जातं.

किनाऱ्याजवळ बहुधा दिसतो तो कुबडवाला डॉल्फिन. सर्कशीसारख्या उड्यांची अपेक्षा ठेवू नका. आधी लांबट चोच वर येते, मग ‘फुस्स’ असा श्वास ऐकू येतो, मग पाठीवरचा उंचवटा आणि त्या उंचवट्यावर बसलेला छोटासा पंख. पंखांच्या कडेला खाचा असतात आणि प्रत्येकाच्या वेगळ्या. अभ्यासक त्यावरूनच एकेक डॉल्फिन ओळखतात. पाठीवर पंखच नसलेलं, गोल डोक्याचं, लाजाळू जनावर दिसलं तर तो पॉरपॉइज. नशीब समजा.

आता देवमाशांबद्दल. गोव्यासमोरचा उथळ खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगत पाण्याखाली पसरलेला जमिनीचा पट्टा, सुमारे शंभर किलोमीटर रुंद आहे. खरा खोल समुद्र त्याच्या पलीकडे, तिथे अर्ध्या दिवसाची होडी पोहोचत नाही. तरी ब्रायड देवमासा किनाऱ्याच्या बाजूला येतो: लांब काळी पाठ, बरीच मागे छोटा वाकडा पंख, आणि बुडताना शेपटी सहसा वर काढत नाही. अरबी समुद्रातले हंपबॅक जातीचे देवमासे तर जगावेगळे. इतर हंपबॅकांसारखे ते ध्रुवाकडे स्थलांतर करत नाहीत, बारमाही इथेच राहतात. ओमानजवळ 2017 साली उपग्रह-टॅग लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला आली होती. ओमानकडे त्यांची संख्या शंभरापेक्षाही कमी असल्याचा अंदाज आहे. म्हणून क्षितिजावर वाफेचा फवारा दिसला तर पाठलाग नको. इंजीन न्यूट्रलला टाकून थांबा.

मधल्या वेळात पक्षी बघत राहा. सुरय एका जागी घिरट्या घालून सूर मारत असतील तर खाली तारली किंवा बांगड्याचा थवा आहे, आणि डॉल्फिनही तिथेच असण्याची शक्यता मोठी. पाण्यावर समुद्रसाप तरंगताना दिसला तर हात आत घ्या, विषारी असतो. होडी लागत असेल तर रिकाम्या पोटी निघू नका, थोडी पेज पिऊन जा, होडीच्या मध्यावर बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मोबाइलच्या पडद्यात बघत राहिलात की हमखास मळमळतं.

वही जवळ ठेवा. वेळ, जागा, किती जनावरं, पिल्लू होतं का, कुठल्या दिशेने गेली, एवढं लिहा आणि पंखाचा फोटो बाजूने काढा. ‘मरीन मॅमल रिसर्च अँड कॉन्झर्व्हेशन नेटवर्क ऑफ इंडिया’कडे अशा नोंदी पाठवता येतात. परतताना वाळूवर जिवंत डॉल्फिन अडकलेला दिसला तर शेपटीला धरून ओढू नका. लगेच जीवरक्षकांना आणि वनखात्याला कळवा, तोवर ओलं कापड टाकून अंगावर सावली धरा, गर्दी मागे हटवा आणि डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका.