इलेक्ट्रिक गाडीचा ब्रेक लाइट स्विच बदलताय? या चुका टाळा

साध्या गिअरच्या पेट्रोल गाडीत ब्रेक लाइटचा स्विच गेला तरी गाडी चालत राहते, बोंब मारतो तो मागचा. इलेक्ट्रिक गाडीत मात्र हाच स्विच गेला की गाडी दारातच अडून बसते. पेडल दाबलंय, बटण दाबलंय आणि डिस्प्लेवर येतं, 'ब्रेक दाबा'. 'रेडी' (गाडी चालायला तयार असल्याची खूण) येत नाही, आलं तरी 'पी' म्हणजे पार्किंगमधून 'डी' म्हणजे ड्राइव्ह पडत नाही. कारण पेडलच्या वर बसलेला हा चिमुकला स्विच नुसते दिवे लावत नाही. ब्रेकवर पाय आहे की नाही, ही खबर तो गाडीच्या कंप्युटरलाही देतो. क्रूझ कंट्रोल, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), मोटरला मिळणारी पॉवर, सगळ्यांना ती खबर लागते. भाग स्वस्त आणि काम थोडं, त्यामुळे लोक घाई करतात आणि बिघाड होता त्याहून वाढवून ठेवतात.

स्विच आधी मागवला, तपास नंतर

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मागचे तीन दिवे आधी नीट बघा. एकच बाजू गेली असेल तर बल्ब किंवा अर्थिंग. फक्त वरचा, काचेजवळचा दिवा गेला असेल तर डिकीच्या दाराशी वाकणाऱ्या रबरी नळीतली वायर तुटलीय का, ते पाहा. तिन्ही एकदम गेले तरच फ्यूज आणि स्विचकडे वळा. पावसाळ्यात बंद उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडणं हेही काही दुर्मीळ नाही, तेवढी एक नजर टॉर्च मारून टाकाच.

'रेडी' येत नाही म्हणून सरळ स्विचवर आळ घेऊ नका. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली दिसते, पण गाडी जागी होते ती १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. ती मरायला टेकली की इलेक्ट्रिक गाडी काय वाट्टेल ते एरर दाखवते. मल्टिमीटर लावा. गाडी बंद असताना १२.५ च्या आसपास असेल तर ठीक, १२ च्या खाली असेल तर आधी तिचं बघा. गाडीच्या कंप्युटरमधले कोड वाचणारा स्कॅनर हाताशी असेल तर काम आणखी सोपं. लाइव्ह डेटात ब्रेकची स्थिती उघडा आणि पेडल दाबा. स्क्रीनवर बदल दिसतोय पण दिवे लागत नाहीत, म्हणजे स्विच बोलतोय, दोष बहुधा पुढे आहे. पी०५७१ किंवा पी०५०४ असे कोड आले तर संशय स्विचच्या सर्किटवर जातो, पण सर्किटमध्ये वायर आणि कनेक्टरही आले, हे विसरू नका.

दिवे सतत पेटलेले राहत असतील तर आणखी एक जागा बघायची. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचला. खाली प्लास्टिकचे किंवा रबराचे भुरभुरीत तुकडे पडलेले दिसले तर स्विच बहुधा निर्दोष आहे. पेडलच्या दांड्याला जिथे स्विचचा प्लंजर (पुढे-मागे सरकणारी काडी, ती आत दाबलेली असली की दिवे बंद) टेकतो, तिथे भोकात एक बटणाएवढा स्टॉपर बसवलेला असतो. उन्हातान्हात तो कडक होतो आणि एक दिवस फुटून गळून पडतो. मग प्लंजर त्या भोकातून आरपार जातो, पेडल सोडलं तरी आत दाबला जात नाही, दिवे रात्रभर जळतात आणि सकाळी १२ व्होल्टची बॅटरी ठार. नवा स्टॉपर स्विचच्या मानाने नगण्य पैशांत येतो. तरी स्विच बदलून बिल लावणारे भेटतातच.

रिजनचे दिवे म्हणजे बिघाड नव्हे

रिजन म्हणजे एक्सिलरेटर सोडला की मोटरनेच गाडी मंदावणं आणि ती ऊर्जा बॅटरीत परत भरणं. घाट उतरताना नुसता एक्सिलरेटर सोडला आणि मागे लाल दिवे लागले, की मागून येणारा मित्र फोन करून सांगतो, 'तुझा स्विच अडकलाय.' अडकलेला नसतो. युरोपसह अनेक देशांनी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेकविषयीच्या १३-एच नियमात हे स्पष्ट आहे. एक्सिलरेटर सोडल्यावर रिजनमुळे गाडी १.३ मी/से² पेक्षा जास्त मंदावत असेल तर दिवे लागलेच पाहिजेत, ०.७ पर्यंत लागता कामा नयेत आणि मधल्या पट्ट्यात कंपनीची मर्जी. हे दिवे कंप्युटर लावतो, पेडलच्या स्विचचा त्यात हात नसतो.

यातूनच एक फुकटची चाचणी मिळते, ती गॅरेजमध्येही फार कोणी करत नाही. रिजन सगळ्यात जोरात ठेवा आणि मोकळ्या रस्त्यावर मागे दुसऱ्या गाडीत कुणाला तरी बसवा. रिजनला दिवे लागतात पण पेडलला लागत नाहीत, म्हणजे बल्ब आणि मागची वायरिंग चांगली आहे, बिघाड पेडलपाशीच आहे.

आवाज नाही म्हणून गाडी बंद समजणं

पायाखाली डोकं घालून काम करताना गाडी 'रेडी'त राहिली आणि एक्सिलरेटरच्या पेडलला हात लागला तर काय होईल, याचा विचार करा. इंजिनचा आवाज नसल्यामुळे सवय फसवते. 'पी', हँडब्रेक, पॉवर बंद, चार्जर काढलेला, चाकांना दगड आणि चावी खिशात नको, घरात. मग १२ व्होल्टची निगेटिव्ह काढा, पण त्याआधी एक काच खाली करून ठेवा, नाही तर इलेक्ट्रिक कुलूपवाली गाडी तुम्हालाच बाहेर ठेवेल. नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज. या कामात तिच्याशी काही संबंध येत नाही आणि आणायचाही नाही. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका.

'बसतोय ना, मग चालेल'

त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीचा स्विच खाचेत अगदी चपखल बसतो, तरी चुकीचा असू शकतो. दोन पिनांचा स्विच नुसते दिवे लावतो. चार पिनांच्या स्विचमध्ये बहुतेक दोन जोड्या असतात, पाय दिल्यावर एक जुळते आणि दुसरी तुटते. दोन्हींचा मेळ बसला नाही की कंप्युटर कुणावरच विश्वास ठेवत नाही. काही गाड्यांत चुंबकावर चालणारा सेन्सर असतो. त्याला मल्टिमीटरने कंटिन्युइटी (पिना आतून जुळतात का ते) बघणं व्यर्थ. चॅसी नंबर देऊनच भाग मागवा.

बसवताना पेडल कुठे आहे?

खरी मेख इथे आहे. आपोआप जुळवून घेणाऱ्या स्विचमध्ये प्लंजरला खाचा असतात. बहुतेकांची रीत अशी: प्लंजर पूर्ण बाहेर ओढायचा, पेडल हाताने खाली धरायचं, स्विच खाचेत घालून पाव फेरा फिरवायचा आणि मग पेडल हळूच सोडायचं. वर येणारं पेडल प्लंजरला हवं तेवढंच आत ढकलतं, कट्-कट् आवाज येतो. घाईत पेडल सटकन सोडलं किंवा वर ओढून पाहिलं तर प्लंजर जास्त आत जातो आणि दिवे कायम पेटलेले राहतात. असे बरेच स्विच एकदाच सेट होतात. काढलेला जुना परत लावू नका, आणि नवा चुकीचा बसला तर मॅन्युअल वाचल्याशिवाय उपटू नका.

आटे आणि नटवाला जुन्या पद्धतीचा स्विच असेल तर स्विच आणि पेडलमधली फट सेट करावी लागते, साधारण एक-दोन मिलिमीटर. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. फट जास्त राहिली तर दिवे सतत पेटतील. स्विच फारच पुढे आला तर दिवे उशिरा लागतील आणि पेडल पूर्ण वरही येणार नाही.

दोन वायरी जोडून 'रेडी' आणणं

गाडी रस्त्यात अडकली की कुणीतरी हमखास हा उपाय सांगतं. 'डी' पडतोही. पण आता ब्रेकवर पाय नसतानाही गाडी गिअरमध्ये जाईल, मागे दिवे अखंड जळत असल्याने मागच्याला तुम्ही कधी थांबताय ते कळणार नाही, आणि ब्रेक व एक्सिलरेटर एकदम दाबलेत असं समजून कंप्युटर भर ट्रॅफिकमध्ये पॉवर कापू शकतो. टो व्हॅनचे पैसे द्या, पण हे करू नका.

काम झाल्यावर

संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि तिन्ही दिवे भिंतीवर पाहा: पेडलचा हलका स्पर्श, पूर्ण दाब, मग सोडणं. 'रेडी' एका झटक्यात आलं पाहिजे आणि पाय नसताना 'डी' पडता कामा नये. कोड पुसा, थोडं चालवा, परत वाचा. मॅट पेडलखाली सरकत नाही ना, तेही बघा. ती जाड थ्रीडी मॅट याच कामात जास्त दगा देतात.

शेवटी दहा-पंधरा मिनिटं रिजनवर, ब्रेक जवळपास न वापरता चालवून या आणि चाकांना हात न लावता जवळ ऊब जाणवते का ते बघा. अशा चालवण्यात डिस्क फारशा तापत नाहीत. झळ येत असेल किंवा जळका वास असेल तर पेडल पूर्ण वर येत नाहीये आणि पॅड घासतायत. गाडी पुढे दामटू नका, परत स्विचपाशी या.