सेल्फ कधी लागतो, कधी नाही: गॅरेजला नेण्याआधीची तयारी

आधी ‘गाडी चालू होत नाही’ हे वाक्य विसरा. त्यातून मिस्त्रीला काहीही कळत नाही. सेल्फ (इंजिनाला पहिली गिरकी देणारी मोटर) फिरतच नाही, की सेल्फ छान फिरतो पण इंजिन पकडत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधं एकमेकांना चालत नाहीत.

मोबाइल हाताशी ठेवा. गाडी रुसली की लगेच व्हिडिओ काढा, त्यात डॅशबोर्ड दिसला पाहिजे आणि आवाज ऐकू आला पाहिजे. नुसती टकटकटक म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय. एकच जोरदार टक् म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा, मोटरला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) ओढतोय पण मोटर फिरत नाही. पूर्ण शांतता म्हणजे हुकूमच सेल्फपर्यंत पोचत नाही. गाडी गार होती की तापलेली, पाऊस होता का, किती वेळाने आपसूक चालू झाली, हेही तिथेच बोलून टाका. संध्याकाळपर्यंत यातलं निम्मं विसरायला होतं.

सामान: मल्टीमीटर, जंपर केबल, १० नंबरचा पाना, टॉर्च, सँडपेपर. आणि सेल्फ मारायला एक माणूस. न्यूट्रल, हँडब्रेक, ओढणी-बाह्या इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब.

बिघाड समोर दिसत असताना बॅटरीचे टर्मिनल (वायरी जोडल्याची टोकं) हलवू नका! हलवलं की तात्पुरता कॉन्टॅक्ट येतो, गाडी चालू होते, सगळे ‘बॅटरीच होती’ म्हणून माना डोलावतात आणि पुरावा गायब. शिवाय बॅटरी काढली की गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसले जाऊ शकतात. आधी मोजा, मग हात लावा.

बॅटरी: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरली तर संशय घ्या. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. झालं, बॅटरीचं एवढंच.

आता अर्थ, म्हणजे अर्थिंग: करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट. इंजिनाची अर्थ. मागच्या वेळी मी नेमकी हीच गाळली आणि नव्या बॅटरीचे पैसे घातले, म्हणून जरा ओरडून सांगतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे बॉडीची अर्थ निराळी आणि इंजिनाची निराळी. दिवे, हॉर्न, रेडिओ बॉडीच्या अर्थवर चालतात, म्हणून ते झकास चालतात आणि आपण फसतो. सेल्फ मात्र शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, आणि तो सगळा करंट इंजिनाला जोडलेल्या अर्थच्या जाड पट्टीतूनच परत यायचा असतो. बोल्टाखाली गंज चढून ०.०१ ओहम अडथळा आला तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जिरतो. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाड्यांनी तर ही तपासणी पहिली करावी.

मोजायचं असं: मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, खुद्द शिशाच्या खांबावर, वायरच्या क्लॅम्पवर नाही. लाल पिन इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. आता सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर पट्टी, बोल्ट किंवा टर्मिनल, यांपैकी कुणीतरी चोर आहे. मीटरचा बीप वाजवून ‘अर्थ ओके’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पट्टीतली एक तार शाबूत असली तरी बीप वाजतो. सेल्फ फिरत असतानाच मोजायचं. फिरत असतानाच! गाडी लगेच चालू होत असेल तर गाडीतल्या, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढा, पण दहा सेकंदांच्या वर सेल्फ दाबून धरू नका.

रस्त्यात मीटर नसेल तर जंपर केबलची एकच वायर बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट इंजिनाच्या धातूला लावा. मेलेला सेल्फ ताडकन फिरला, तर अर्थच. बॅटरीच्या दुकानात जाऊ नका, पट्टी काढा, दोन्ही टोकं घासा, नाहीतर सरळ नवी टाका. नवी पट्टी बॅटरीच्या तुलनेत किरकोळ खर्चात येते.

अर्थ निर्दोष निघाली (खरंच मोजलीत ना?) तरच पुढे. पॉझिटिव्ह बाजू, म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टापर्यंत, तशीच मोजा, तिथे ०.५ पर्यंत चालतं. सेल्फचा रिले (फ्यूजबॉक्समधला विजेवर चालणारा स्विच) त्याच नंबरच्या शेजारच्या रिलेशी बदलून पाहा. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ न घेणारी गाडी असेल तर क्लचचा स्विच बघा. सेल्फला हलकं ठोकल्यावर फिरला तर कार्बन (मोटरला आतून करंट पोचवणारे घासते तुकडे) संपत आलेत. ठोकत बसू नका, उघडून घ्या.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशांसाठी: किल्ली ऑन करून मागच्या सीटकडून पंपाची गुणगुण ऐका, दोनेक सेकंद येते. किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर गाडी किल्ली ओळखत नाहीये, दुसरी किल्ली लावून बघा. तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर) संशय. पावसाळ्यात उंदरांनी वायर कुरतडल्यात का, तेही बघा. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावाच.

गॅरेजला व्हिडिओ आणि आकडे द्या. ‘बॅटरी बदला’ असं स्वतःच्या तोंडाने म्हणू नका. कुठलाही पार्ट बदलण्याआधी रीडिंग किती आलं ते विचारा, जुना पार्ट परत मागा. तिथे पोचल्यावर गाडी शहाण्यासारखी चालू झाली, आणि ती होणारच, तर रात्रभर तिथेच ठेवा.