पोर्टफोलिओतलं काम खरंच उमेदवाराचं आहे का, हे कसं तपासायचं

बडोद्यात भरतीच्या दिवसांत फाइन आर्ट्सच्या मुलामुलींचे बिहान्स (डिझाइनची कामं दाखवायची साइट) आणि इंजिनिअरिंगवाल्यांचे गिटहब (कोड ठेवायची साइट) एकाच टेबलावर येतात. लिंक उघडली आणि काम आवडलं, एवढ्यावर थांबू नका. तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा: साइट आज कोणाच्या ताब्यात आहे, काम कोणी केलं, आणि हक्क कोणाचा.

ताबा तपासणं सोपं आहे. आठ-दहा अक्षरांचा कोड तुम्ही बनवा आणि उमेदवाराला तो साइटवर एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायला सांगा. डोमेनच (साइटचा पत्ता) तपासायचं असेल तर हाच कोड डीएनएसच्या, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीच्या, टीएक्सटी रेकॉर्डमध्ये (मजकुराची नोंद) घालू द्या. इथे नेहमीची चूक म्हणजे होस्टच्या रकान्यात पूर्ण डोमेन लिहिणं. डोमेन सांभाळायची बरीच पॅनलं त्यापुढे डोमेन पुन्हा जोडतात, म्हणून तिथे बहुधा फक्त @ लागतं. रेकॉर्ड घालण्याआधीच एनएसलुकअप (डीएनएसची नोंद बघायची कमांड) चालवू नका; ‘सापडलं नाही’ हे उत्तरही काही काळ कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहतं. साइट क्लायंटची असेल तर उमेदवाराकडे आता पासवर्ड नसणारच, तेवढ्यावरून त्याला खोटं ठरवू नका.

कोडच्या बाबतीत जास्त फसगत होते. गिट (कोडमधले बदल नोंदवणारं सॉफ्टवेअर) कमिटमधलं, म्हणजे बदलाच्या एका नोंदीतलं, नाव, ईमेल आणि तारीख तपासत नाही. जे लिहाल ते घेतं. गिटहब त्या ईमेलवरून खातं जोडतं, त्यामुळे कमिटशेजारी कोणाचा फोटो दिसतो हा पुरावा नव्हे. ‘व्हेरिफाइड’ची हिरवी खूण बघा: त्या कमिटवर खात्याशी जोडलेल्या कीची (डिजिटल किल्लीची) सही असते. मात्र गिटहबच्या वेबसाइटवरच केलेल्या कमिटवर गिटहब स्वतःच सही करतं. गिट २.३४ पासून एसएसएच कीनेही (एरवी लॉगिनसाठी वापरतात ती की) सही करता येते, पण ती की गिटहबवर ‘साइनिंग की’ म्हणून वेगळी जोडावी लागते. फक्त लॉगिनसाठी जोडलेली असेल तर कमिट ‘अनव्हेरिफाइड’ दिसतं. उमेदवारांनी हे आजच करून ठेवावं.

जुन्या कमिटवर सही नसते, हे सर्वसाधारण आहे. तिथे इतिहास वाचा. हजारो ओळी एकाच ‘इनिशियल कमिट’मध्ये आल्या असतील तर कारण विचारा, खासगी रिपॉझिटरीतून (कोड ठेवायची जागा) हलवलेलं कामही असंच दिसतं. एखादा वेगळा एरर मेसेज उचलून कोड सर्चमध्ये टाका. तरीही शंका राहिली तर वीस मिनिटं समोर बसवून एका फंक्शनमध्ये छोटा बदल करायला सांगा. ज्यानं ते लिहिलंय तो नेमकी फाइल पटकन उघडतो.

डिझाइनसाठी जेपीजी घेऊ नका. लेयर असलेली मूळ फाइल किंवा फिग्माची (डिझाइन करायचं ऑनलाइन साधन) व्हर्जन हिस्टरी स्क्रीन शेअर करून दाखवायला सांगा, आणि चित्र रिव्हर्स इमेज सर्चमध्ये (चित्रावरून शोध) टाका. टीमचं काम असेल तर ‘यात तुझं नेमकं काय?’ हा प्रश्न प्रत्येक प्रोजेक्टला विचारा.

हक्काचं उत्तर मात्र कागदात असतं. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. फ्रीलान्सरनं लिहिलेला कोड सहसा त्याचाच राहतो; पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंना आणि पोर्ट्रेटना नियम वेगळा आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि सही हवी, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून करारात मुदत लिहा, आणि ‘पोर्टफोलिओत दाखवण्याची परवानगी’ हे वाक्य काम सुरू होण्याआधीच घालून घ्या.