बडोद्यात पावसाळ्याआधी घराची तयारी

विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ च्याही वर गेलं, त्यामुळे तळमजल्यावर राहत असाल तर जूनच्या आधीच इन्व्हर्टरची बॅटरी उंचावर चढवा, फ्रिजखाली विटा लावा, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाका. पाणी दारातूनच येतं असं नाही हं, आधी बाथरूमच्या जाळीतून उलटं येतं, म्हणून तिथे वाळूची पिशवी ठेवायची. मेन स्विच पाणी शिरायच्या आत बंद, हात कोरडे असतानाच! पॉवरबँक, आजीच्या गोळ्या, प्यायचं पाणी, गाठिया आदल्या दिवशीच. आजवा जलाशयातून नदीत पाणी सोडणार असं कळलं की गाडी उंच जागी लावून या. आणि पुरात उतरून रील काढू नका बुवा, मगरी खरंच असतात.