समुद्रशैवालांच्या जुन्या चित्रांचा अभ्यास : सुरुवात कोठून करावी

वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर मी समुद्रशैवालांच्या जुन्या चित्रांच्या अभ्यासाकडे वळले. या विषयात येऊ पाहणाऱ्यांना मी आग्रहाने सांगते, की चित्रांचा इतिहास वाचण्याआधी शैवाल कागदावर कसे चढवतात ते शिकून घ्यावे. पसरट भांड्यातल्या पाण्यात शैवाल तरंगत ठेवायचे, खालून जाड कागद सरकवायचा, ब्रशने फांद्या सुट्या करत कागद हळूहळू तिरका उचलायचा आणि वर मलमल व टिपकागद ठेवून दाब द्यायचा; पुष्कळशी शैवाले स्वतःच्याच चिकाने कागदाला धरून बसतात. हे काम हाताखालून गेले, की जुन्या चित्रातली फांद्यांची ठेवण पाण्यातली आहे की सुकवलेल्या नमुन्यावरून उतरवलेली, याचा अंदाज येऊ लागतो. सरावाला कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांवर सापडणारी उल्वा आणि सरगॅसम ही शैवाले पुरेशी आहेत.

त्यानंतर एकाच चित्रकाराचे काम बारकाईने पाहावे. माझी निवड डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील विल्यम हेन्री हार्वी (१८११–१८६६) यांची आहे, कारण ‘फायकोलॉजिया ब्रिटानिका’ (१८४६–१८५१) या ग्रंथातील ३६० चित्रे काढणारा आणि शैवालांची वर्णने लिहिणारा माणूस एकच होता. त्यांतले पॉलिसायफोनिया या लाल शैवालाचे एखादे चित्र उघडावे. नजर आधी झुबकेदार शैवालावरच जाते, परंतु जात ओळखताना शेजारी मोठा करून दाखवलेला आडवा छेद अधिक कामाला येतो : मधल्या पेशीभोवती कडे करून बसलेल्या पेशी चार आहेत की अधिक, हे मोजावे लागते. ब्लेडने स्वतः पातळ छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा आणि मग चित्राशी ताडावा. हार्वींच्या हाताची किंमत तेव्हा कळते.

रंगांवर मात्र फार विसंबू नये. लाल शैवालांतील फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य पाण्यात विरघळणारे असल्यामुळे शैवाल मेल्यावर ते पाझरून जाते, उजेडातही फिकट होते, आणि चित्रकारापुढे नमुना कोणत्या अवस्थेत आला होता हे चित्रावर लिहिलेले असतेच असे नाही.

इंग्लंडमधील ॲना ॲटकिन्स यांनी दुसरी वाट धरली. फार बारीक शैवाले अचूक रेखाटणे अवघड असल्याचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणून १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेली सायनोटाइपची पद्धत वापरून, लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर त्यांनी शैवाल ठेवले आणि तो कागद उन्हात धरला. १८४३ ते १८५३ या काळात भागाभागाने निघालेल्या त्यांच्या ग्रंथातील निळ्या पानांवर शैवालाचा खरा आकार आणि बाह्यरेषा हुबेहूब मिळते, आतली रचना मिळत नाही. म्हणूनच हार्वी आणि ॲटकिन्स शेजारी ठेवून अभ्यासावेत, असे मला मनापासून वाटते.

आयर्लंडच्या बॅंट्री उपसागराकाठी राहून इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ डॉसन टर्नर यांना नमुने आणि चित्रे पाठवणाऱ्या एलन हचिन्स (१७८५–१८१५) यांच्यासाठीही वेळ राखून ठेवावा. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर एकच नाव असले, तरी त्यामागे नमुने गोळा करणारे हात कोणकोणते होते, हे त्यांच्या पत्रव्यवहारातून दिसते.

बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर यांतले बरेच ग्रंथ विनामूल्य पाहता येतात. वर्णनांपुरती लॅटिन शिकावी, आणि जुने नाव आज ग्राह्य आहे का ते ‘अल्गीबेस’ या शैवालांच्या ऑनलाइन माहितीकोशात तपासल्याशिवाय नोंदीत घेऊ नये, हर्बेरियममधील, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील, सूचीकरणाच्या कामात पहिल्या दिवसापासून हेच लागते.