डीबीएस शस्त्रक्रियेतील अचूकता : या चुका टाळा

पार्किन्सन्सच्या डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवून विद्युत उत्तेजन देण्याच्या) शस्त्रक्रियेत आपण ज्या सबथॅलॅमिक न्यूक्लियसपर्यंत, म्हणजे मेंदूत खोलवर असलेल्या चेतापेशींच्या छोट्या पुंजक्यापर्यंत, पोहोचू पाहतो, त्याची लांबी सुमारे एक सेंटिमीटर असते आणि जाडी त्याहून बरीच कमी. इलेक्ट्रोड दोन मिलिमीटर बाहेरच्या बाजूला बसला, तरी करंट इंटर्नल कॅप्सूलमध्ये (हालचालींचे संदेश नेणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यात) पसरून रुग्णाची जीभ जड होते आणि हात आखडतो. म्हणून खालील चुकांना मी किरकोळ मानत नाही.

पहिली आणि मला सर्वाधिक चीड आणणारी चूक म्हणजे सीटी आणि एमआरआयचे फ्यूजन (संगणकाने दोन्ही चित्रे एकमेकांवर जुळवणे) न तपासता मान्य करणे. टार्गेट एमआरआयवर ठरते, डोक्याला घट्ट बसवलेल्या, जागा मोजून देणाऱ्या फ्रेमच्या खुणा सीटीवर असतात. त्यामुळे फ्यूजन चुकले की ती चूक जशीच्या तशी फ्रेमच्या आकड्यांत उतरते. एका रुग्णालयात मी मदतीला गेलो असताना तेथील तरुण सहकाऱ्याने संगणकाने दाखवलेले फ्यूजन पाहताक्षणीच मान्य केले होते. मायक्रोइलेक्ट्रोड (चेतापेशींचे विद्युत संकेत ऐकवणारी बारीक तार) खाली गेला, पण न्यूक्लियसचा ओळखीचा दाट खरखराट काही ऐकू येईना. जवळपास तासभर यंत्र, केबल, भूल यांवर संशय घेण्यात गेला. आदल्या रात्रीपासून औषधे बंद असलेला, डोके फ्रेममध्ये जखडलेला तो रुग्ण मधूनमधून विचारत होता, “डॉक्टर, अजून किती वेळ?” शेवटी मी फ्यूजन पुन्हा उघडले, तर व्हेंट्रिकलची (मेंदूतील द्रवाच्या पोकळीची) कड पुढे जुळत होती, मागे नव्हती. एमआरआयच्या वेळी कंपामुळे डोके हलले होते. फ्यूजन नव्याने केल्यावर टार्गेट जवळजवळ दोन मिलिमीटर सरकले. तेव्हापासून मी व्हेंट्रिकलच्या कडा, दोन्ही कमिशर (मेंदूच्या दोन बाजू जोडणारे पुढचा व मागचा तंतुपट्टा) आणि मिडब्रेनची (मध्यमेंदूची) बाह्यरेषा स्वतः सरकवून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. याला पाच मिनिटे लागतात, आणि ज्यांना ती जड वाटतात त्यांनी हे काम अंगावर घेऊ नये.

दुसरी चूक पाठांतराची. दोन्ही कमिशरमधल्या मध्यबिंदूपासून १२ मिलिमीटर बाहेर, ३ मागे, ४ खाली हे आकडे सुरुवात करण्यापुरते ठीक आहेत, परंतु वृद्ध रुग्णाचे तिसरे व्हेंट्रिकल रुंदावलेले असते आणि तिथे हे पाठांतर फसते. एमआरआयच्या टी-टू चित्रात रेड न्यूक्लियसची (सबथॅलॅमिक न्यूक्लियसजवळच्या दुसऱ्या पुंजक्याची) पुढची कड शोधावी आणि आकडे तिच्याशी ताडून पाहावेत.

ड्युरा (मेंदूवरचे जाड आवरण) लवकर आणि मोठा उघडणे ही घाईची चूक आहे. द्रव वाहून जातो, हवा आत शिरते, मेंदू मागे सरकतो आणि सकाळी काढलेले आकडे शिळे होतात. डोके थोडे उंच ठेवावे, छेद लहान घ्यावा, कॅन्युला (इलेक्ट्रोड आत नेणारी नळी) जाताच भोक फायब्रिन ग्लूने बंद करावे. कवटीत हवा असताना काढलेल्या सीटीवरून इलेक्ट्रोडच्या जागेचा अंतिम निकालही देऊ नये. हवा शोषली गेल्यावर, काही आठवड्यांनी, पुन्हा पाहावे.

बाकीच्या चुका थोडक्यात. फ्रेमचे आकडे एकाने लावावेत आणि दुसऱ्याने कागद न पाहता फ्रेमवरून मोठ्याने वाचावेत. कॅन्युला हाडाच्या कडेला घासत असेल तर ती वाकते; भोक मोठे करावे, कॅन्युला रेटू नये. इलेक्ट्रोड लॉक करताना तो हमखास थोडा सरकतो, म्हणून स्टायलेट (इलेक्ट्रोडच्या आतली ताठ तार) काढण्याआधी आणि लॉक केल्यानंतर सी-आर्मचे (शस्त्रक्रियेदरम्यान वापरायच्या क्ष-किरण यंत्राचे) एकेक चित्र घ्यावे व दोन्ही पडद्यावर शेजारी ठेवून ताडावीत.