दुसऱ्या महायुद्धावरची पुस्तकं वाचताना या चुका टाळा

युद्धाची पुस्तकं हौसेने घेतली जातात आणि शंभराव्या पानाच्या आसपास मिटली जातात. तोवर डिव्हिजन, ब्रिगेड, टेकड्या आणि जनरल यांचा असा काला झालेला असतो की कोण कुणाशी कुठे लढतंय तेच कळेनासं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी (म्हणजे भारतीय) सैनिकांबद्दल, त्यातही मराठी पलटणींबद्दल वाचायचं असेल तर अडचण दुप्पट. पुस्तकात ते असतात, पण आपण शोधतो तिथे नसतात.

एकखंडी जाडजूड ग्रंथापासून सुरुवात करणं

सहा वर्षांचं जगभरचं युद्ध एका खंडात मावतं ते बरंच काही गाळूनच. त्यात हिटलर असतो, स्टालिनग्राड असतं, नॉर्मंडी असतं. स्वेच्छेने भरती झालेल्या सुमारे 25 लाखांच्या हिंदी फौजेला मात्र चार-दोन परिच्छेद मिळतात. बाकी ठिकाणी ती दुसऱ्याच नावाखाली लपलेली असते. आफ्रिकेत आणि इटलीत 'ब्रिटिश आठवी आर्मी' असं लिहिलेलं असतं, पण तिच्यात हिंदी डिव्हिजन (अनेक ब्रिगेड मिळून झालेल्या मोठ्या तुकड्या) होत्या. ब्रह्मदेशातली चौदावी आर्मी तर बहुतांशी हिंदी सैनिकांचीच होती. म्हणून एकच मोहीम निवडा. 1941 मधलं पूर्व आफ्रिकेतलं केरेन, 1944 मधलं इंफाळ-कोहिमा किंवा इटली, यांतलं काहीही चालेल. जागतिक पट नंतर बघता येतो.

पलटणीचा आकडा ओलांडून पुढे जाणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. '3/5 मराठा' असं दिसलं की डोळा पुढे सरकतो. अर्थ साधा आहे: पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, म्हणजेच पलटण. रेजिमेंट अख्खी एका जागी लढत नसे, लढायची ती बटालियन. 3/5 इरिट्रियात केरेनच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर लढली. 2/5 ही जून 1942 मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा तिथे होती आणि शत्रूच्या हाती सापडली. 4/5 ने मार्च 1944 मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांना तोंड दिलं, तेही ना धड पाणी, ना काटेरी तारेचं कुंपण अशा टेकडीवर. 1/5 एप्रिल 1945 मध्ये इटलीत सेनियो नदी ओलांडत होती. 'मराठा रेजिमेंटने अमुक केलं' हे वाक्य म्हणूनच फार काही सांगत नाही. कोणत्या पलटणीने, हे विचारायचं. (सांगशाकबद्दल जाता जाता: कोहिमावर प्रकरणंच्या प्रकरणं आणि सांगशाकवर पानभर मजकूर, हे प्रमाण मला कधीच पटलेलं नाही. सांगशाकला जे दिवस हाती लागले, त्यांचा उपयोग कोहिमाला झाला.)

पहिल्या महायुद्धाच्या पुस्तकाकडे वळलात की हे आकडे बदलतात. 1922 च्या पुनर्रचनेत जुन्या पलटणींना नवे क्रमांक मिळाले. 29 एप्रिल 1916 ला इराकमधल्या कुतला जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर शरण जावं लागलेल्या फौजेत 110वी मराठा होती. तीच पुढे 3/5 झाली आणि आज ती 2 पॅरा (पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन) म्हणून ओळखली जाते. तीन पुस्तकांत तीन नावं, पलटण एकच.

आणखी एक. हिंदी ब्रिगेडमध्ये साधारणपणे तीन बटालियन असत, एक गोऱ्यांची आणि दोन हिंदी. 'ब्रिगेडने टेकडी घेतली' असं वाचलंत की पुस्तकाच्या शेवटचं परिशिष्ट उघडा. कोणत्या ब्रिगेडमध्ये कोणत्या पलटणी, याचा तक्ता तिथे असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला की निम्मा गोंधळ संपतो. नकाशाचंही तेच करा.

मराठी सैनिक म्हणजे फक्त मराठा रेजिमेंट, असंही धरू नका. 1941 मध्ये उभी राहिलेली महार रेजिमेंट आहे, खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्करी इंजिनिअर, आहेत. आणि मराठा पलटणींतही कोकणी आणि देशावरच्या मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमान होते.

प्रकाशनाचं साल न बघणं

ब्रिटनने युद्धकाळातले सरकारी कागद 1972 मध्ये मोठ्या प्रमाणावर खुले केले. शत्रूचे सांकेतिक संदेश ब्लेचली पार्कमध्ये फोडले जात होते, ही गोष्ट तर 1974 पर्यंत गुप्तच होती. त्याआधीच्या आत्मचरित्रात एखाद्या जनरलला शत्रूची चाल 'अचूक हेरता' आली असेल, तर कौतुक जरा आवरतं घ्यावं; त्याच्या टेबलावर काय पडलं होतं ते लिहायची त्याला मुभा नव्हती. याचा अर्थ जुनी पुस्तकं टाकाऊ असा नाही. भारताचा अधिकृत युद्धेतिहास बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली निघाला, आणि तो भारत-पाकिस्तान दोघांनी मिळून काढला, काश्मीरचं युद्ध होऊन गेल्यावरसुद्धा! खंड रुक्ष आहेत, पण पलटणींच्या हालचाली तपासायला अजून उपयोगी पडतात.

पत्रातला आवाज थेट सैनिकाचा समजणं

सैनिकांची पत्रं छापलेली दिसली की आपण विरघळतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची जी पत्रं आज पुस्तकांत दिसतात, त्यांचा प्रवास बघा. शिपायाला बहुधा लिहिता येत नसे, तो दुसऱ्याला मजकूर सांगायचा. पत्र सेन्सॉरकडे जायचं. सेन्सॉरच्या कचेरीत त्यातले निवडक उतारे इंग्रजीत उतरवले जायचे, आणि टिकले ते हे उतारेच. मूळ पत्र घरी गेलं आणि घरीच हरवलं. पत्र वाचलं जातं हे शिपायांनाही ठाऊक होतं, त्यामुळे काही गोष्टी ते आडून सांगत. दुसऱ्या महायुद्धातही टपाल तपासून फौजेच्या मनःस्थितीचे अहवाल बनत. असे उतारे वाचायलाच हवेत, पण सेन्सॉरने कोणती वाक्यं का उचलली असतील, हा प्रश्न बरोबर ठेवून. बायकोच्या आजारपणाची चार वाक्यं त्याला बिनकामाची वाटली असणार. राजनिष्ठेचं किंवा कुरकुरीचं एक वाक्य कामाचं.

शौर्यपदकाचं सायटेशन म्हणजेच लढाई असं मानणं

नाईक यशवंत घाडगे, 3/5 मराठा, 10 जुलै 1944, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले (दहाएक जणांच्या तुकडीतले) बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मशीनगनवर धावले, ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगनने (हातातल्या छोट्या मशीनगनने) आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

यात शंका घ्यायला जागा नाही. पण सायटेशन ही शिफारस असते, एका माणसाच्या काही मिनिटांची. त्या सेक्शनमध्ये बाकीचे कोण होते, कंपनीला तिथे का पाठवलं, हे त्यात नसतं. ते हवं असेल तर पलटणीची युद्धरोजनिशी किंवा रेजिमेंटचा इतिहास गाठावा लागतो.

आकड्यांबाबत थोडक्यात: हताहतांमध्ये जखमी आणि बहुधा बेपत्ताही मोजलेले असतात. कुतच्या सुटकेसाठी निघालेल्या फौजेचे सुमारे 23,000 हताहत झाले, म्हणजे तेवढे मेले नव्हेत. उलट हिंदी फौजेचे दुसऱ्या महायुद्धातले सुमारे 87,000 हा आकडा मृतांचा आहे, आणि तो अविभाजित हिंदुस्थानचा आहे.

घरातला सैनिक शोधताना

पणजोबा 'लढाईत गेले' एवढंच माहीत असेल तर आधी कोणती लढाई ते ठरवा. साताऱ्यात आणि कोकणात कित्येक गावांत दगडी फलक आहेत. त्यावर 1914-1919 असेल तर ते पहिलं महायुद्ध. घरी पदकं असतील तर काम सोपं होतं, कारण आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार ही नावंच आघाडी सांगतात. युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत कबर सापडली नाही म्हणून थांबू नका. हिंदू सैनिकांचं दहन होई, त्यांची नावं स्मारकांवर कोरलेली असतात. ब्रह्मदेशातल्यांची पुष्कळशी रंगूनजवळच्या तौक्यान इथे. इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानाप्रमाणे आहे, तेव्हा नावावरून शोधू नका. रेजिमेंट आणि मृत्यूचं साल टाका, मग वडिलांचं नाव आणि गाव जुळवत जा. जे जिवंत परतले ते या यादीत नसतात. त्यांच्यासाठी रेजिमेंटच्या मुख्यालयाला पत्र लिहायचं. मराठ्यांचं बेळगावला आहे, महारांचं मध्य प्रदेशात सागरला.